सीटखालचा स्क्रू

हरकतकाकांनी गाडीत अँप्लिफायर बसवायचं ठरवलं, त्यामागे कारण एवढंच होतं की काकू हळू बोलतात.

काकांचं खरं नाव इमारतीत कुणाला आठवत नव्हतं. नोकरीत हेडक्लार्क असताना समोर येईल त्या कागदावर हरकत घ्यायची, ही सवय. निवृत्तीनंतर कागद संपले, हरकती उरल्या. जिन्याच्या रंगावर हरकत, पाण्याच्या वेळेवर हरकत. मुलीला मुलगी झाली आणि तिनं आईबाबा दोघांनाही राहायला बोलावलं, तेव्हासुद्धा ते सवयीनं म्हणाले, "मी कुणाच्या घरी लोढण्यासारखा पडून राहणार नाही." पुन्हा आग्रह झाला की कुरकुरत हो म्हणायचं, असा बेत होता. (बॅगसुद्धा भरून ठेवली होती.) पण झालं काय, आयुष्यात पहिल्यांदाच त्यांची हरकत बिनविरोध मान्य झाली. काकू एकट्या गेल्या. पुन्हा कुणी विचारलं नाही, आणि आपण होऊन जाणं काकांच्या तत्त्वात बसत नव्हतं.

मग घर खायला उठलं. टीव्हीवरच्या बातमीवर खेकसावं, तर "पुरे हो" म्हणायला कुणी नाही. काकू दुपारी व्हॉइस मेसेज पाठवायच्या, तोही बाळ उठेल म्हणून कुजबुजत. घरात तो लावला की काका नकळत स्वयंपाकघराच्या दाराकडे बघायचे, आणि दारात कुणीच नसायचं. म्हणून ते खाली जाऊन, फोन गाडीच्या रेडिओला जोडून, गाडीत ऐकायचे. गाडीत काकू नेहमी शेजारी बसत. तिथे मान वळवली नाही, सरळ समोर बघितलं, की काम भागत असे.

पण गाडीच्या स्पीकरमधून ती कुजबुज धड ऐकू येईना. फिटर आला, त्यानं शेजारच्या सीटखाली अँप्लिफायर बसवला आणि बजावलं, "काका, हा गेनचा स्क्रू. ह्याला आवाज वाढवायचं बटण समजू नका."

"मग काय समजू?"

"रेडिओकडून आलेला आवाज अँप्लिफायरनं किती ताणायचा, ते ह्याच्यावर ठरतं. रेडिओचा व्हॉल्यूम पाऊणपर्यंत न्यायचा, मोठ्यात मोठ्या आवाजाचं गाणं लावायचं आणि स्क्रू हळूहळू फिरवायचा. आवाज फाटायला लागला की थोडा मागे."

"मग लावून द्या की."

"लावू कुठे देताय? मघापासून माझा हात धरून बसलाय." फिटर तडकला आणि हत्यारं गोळा करून चालता झाला.

रविवारी दुपारी, सगळी इमारत जेवून आडवी झालेली असताना, काकांनी काम हाती घेतलं. खिडक्या उघड्या, डोकं सीटखाली, पाय दाराबाहेर. व्हॉल्यूम पाऊणपर्यंत नेला. आता मोठ्यात मोठ्या आवाजाचं गाणं. पण गाणं ऐकायचं होतं कुणाला? त्यांनी काकूंची कालची कुजबुज लावली आणि स्क्रू फिरवला. आवाज फाटेना. (फाटेल कसा? इतक्या वर्षांच्या संसारात काकांपुढे जो फाटला नाही, तो एका स्क्रूनं फाटणार?) अजून फिरवला. अजून. शेवटी स्क्रूच अडला.

"बाळानं आज माझं बोट धरलं," काकू अगदी कानाशी म्हणाल्या.

काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. (सीटखाली धूळ फार होती, असं ते नंतर सांगत.)

इतक्यात काकूंचा फोन आला. काकांनी पडल्या पडल्या घेतला, आणि त्या पूर्ण ताणलेल्या स्पीकरांमधून बाळाचं रडणं बाहेर पडलं. काचा थरथरल्या. कबुतरं उडाली. काका दचकून उठायला गेले, तर कॉलर सीटच्या लोखंडात अडकलेली!

वॉचमन धावत आला. "काका, गाडीत पोर कोंडलंय का?"

"पोर नाही रे, फोन आहे!"

"फोन असा रडतो?"

तळमजल्यावरच्या नर्सबाई ओल्या हातांनीच आल्या. "मागचं दार उघडा आधी! जीव गुदमरेल त्याचा!"

"अहो, मला बाहेर काढा!"

"तुमचं नंतर! आधी बाळ!"

"अहो, ऐकताय का?" काकूंचा आवाज गरजला. "सकाळपासून रडतेय ही! काही केल्या थांबत नाही!"

काकांचा तोल सुटला. "थांब! आधी ह्या अँप्लिफायरवाल्यांकडे बघतो! माहितीपत्रकात मुंगीएवढी अक्षरं! गिऱ्हाइकानं काय भिंग घेऊन सीटखाली झोपायचं? लेखी जाब विचारीन! एकेकाला विचारीन!"

रडणं हुंदक्यांवर आलं.

"अहो, बोला! गप्प बसू नका!" काकू म्हणाल्या.

"कशाबद्दल बोलू?"

"कशाबद्दलही! तुम्हाला कधीपासून विषय लागायला लागला?"

काका सीटखालून बोलत राहिले. माहितीपत्रक झालं, जिन्याचा रंग झाला, पाण्याची वेळ झाली. बोलता बोलता आवाज उतरत गेला. "आणि चहा. एकट्यापुरता चहा नीट जमतच नाही. एक तर उतू जातो, नाही तर गार होतो. झाला तरी वाईट झालाय हे सांगायचं कुणाला? ह्या सगळ्या व्यवस्थेलाच माझा विरोध आहे."

खिडक्यांतून डोकावणाऱ्यांपैकी कुणी हसलं नाही.

"झोपली," काकू कुजबुजल्या, आणि ती कुजबुज सगळ्या आवाराला ऐकू गेली. "अहो, आजच निघा. या इकडे."

काका सीटखालून घसा खाकरून म्हणाले, "मुलीनं बोलावलंय, की तू आपली म्हणतेस?"

"मुलगी, जावई, सगळेच. आत्ता तुमचं ऐकता ऐकता जावईही खुर्चीतच झोपले. किती दिवसांनी डोळा लागलाय हो त्यांचा!"

नर्सबाईंनी काकांची कॉलर सोडवली आणि खिडकीतून आत वाकून हळूच म्हणाल्या, "काकू, काळजी करू नका, पाठवते त्यांना. फक्त थोडा वेळ द्या. वॉचमन दारात त्यांच्या पायांना टेकून घोरतोय, तो उठल्याशिवाय त्यांना बाहेर येता येत नाही."