घरात स्वयंपाकघर नाही

बेल वाजली तेव्हा ब्रेड ओव्हनमध्ये होते आणि ओव्हन बेडरूममध्ये. खरा घोटाळा तोच होता. घरी खाद्यपदार्थ करून विकायला नगरपालिकेची ना नव्हती, पण ते स्वयंपाकघरातच करायचे असा नियम होता. वहिनींच्या स्वयंपाकघरात मोठा ओव्हन काही केल्या मावेना. शेवटी ओव्हन बेडरूममध्ये गेला आणि ओटा पाडून तिथे सासूबाईंची कॉट आली. तपासणीत हे उघड झालं तर ओव्हनला सील लागणार आणि वहिनींनी मरमर करून उभा केलेला धंदा बसणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

"तपासणीवाले साहेब," दाराच्या भिंगातून बघत नवरा कुजबुजला.

"अहो, बघत काय बसलात? ओव्हन बंद करा, वर चादर टाका."

फुगायला ठेवलेल्या पिठाचं पातेलं तेवढं उरलं. वहिनींनी ते सासूबाईंच्या पांघरुणात सरकवलं. "आई, जरा कण्हा."

साहेब सावकाश घरभर फिरले. बेडरूममध्ये त्यांनी चादरीवर हात ठेवला.

"हे काय?"

"कपाट," नवरा म्हणाला.

"गरम लागतंय."

"लोकरीचे कपडे आहेत."

साहेब शेजारच्या खोलीत गेले. सासूबाई मनापासून कण्हत होत्या आणि त्यांच्या पोटावरचं पांघरूण हळूहळू वर येत होतं.

"आजींना काय होतंय?"

"गॅस," वहिनी म्हणाल्या.

साहेबांनी पेन काढलं. "हॉल एक, बेडरूम दोन. स्वयंपाकघर कुठंय?"

"आम्ही घरी स्वयंपाकच करत नाही," नवरा घाईघाईने म्हणाला.

"मग हे घर कसलं? हे ऑफिस झालं. या इमारतीत ऑफिस चालत नाही. सगळ्या जागेलाच सील लागेल."

ओव्हन वाचवता वाचवता राहतं घर चाललं होतं. वहिनी तरातरा बेडरूममध्ये गेल्या, चादर ओढून फेकली आणि ओव्हनचं दार उघडलं. घरभर ब्रेडचा वास सुटला.

"हे माझं स्वयंपाकघर. काय लिहायचं ते लिहा."

साहेबांनी खिडकी उघडून पाहिली. "हवा आहे, उजेड आहे. जिथे शिजतं ते स्वयंपाकघर. एवढं लपवायचं काय त्यात?" असं म्हणत त्यांनी सही ठोकली.

जाता जाता साहेब सासूबाईंच्या दाराशी थांबले. "ही खोली बेडरूम म्हणून लिहिलीय. इथे फक्त झोपायचं. खायचं काही बनवायचं नाही."

तेवढ्यात पांघरुणाच्या कडेने पिठाचा गुबगुबीत गोळा बाहेर आला. सासूबाईंनी डोळे न उघडताच तो आत ढकलला. खिशात ठेवलेलं पेन साहेबांनी पुन्हा बाहेर काढलं.