ध्यानाचा फोरमन

आमच्या मुकुंदवाडीच्या गल्लीतला वाघमारे फोरमन ध्यानाला बसतो ते शिफ्ट लावून. पहिली शिफ्ट पहाटे पाचला, दुसरी दुपारी. वाळूजच्या कंपनीतून रिटायर होऊन नऊ वर्षं झाली, पण माणूस कारखान्यातून काय बाहेर आला नाय. ध्यानात मन भटकलं की पुटपुटतो, "पीस रिजेक्ट," अन् पहिल्यापासून सुरू करतो. विहारात शेजारी बसलेल्या बाईला म्हणाला, तुमची पाठ लेव्हलमधी नाय. बाईनं त्या दिवसापासून जागाच बदलली.

भन्तेजी शांत माणूस. त्यांनी जवळ बसवून सांगितलं, इथं काय मिळवायचं नसतं, ही धडपड सोडा. फोरमननं मान डोलावली अन् विचारलं, "कधीपर्यंत सोडायची?" घरी येऊन कॅलेंडरवर लिहिलं: धडपड बंद, महिनाअखेर. तो महिना गेला. मग पुढच्या पानावर लिहिलं.

यंदा थंडीत माझी बायको सुमन गेली. मी दार लावून पडून राहायचो. फोरमन रोज कडी वाजवायचा. चला तात्या, विहारात चला, बरं वाटंल. मी खंडोबाचा माणूस, मला विहाराचं काय कळतंय? पण ह्याच्या कडीला कंटाळून एक दिवस गेलो. डोळे मिटले तर सुमनच पुढं उभी. चांगला हमसून रडलो. लोकं बघत होती, बघू दे.

बाहेर पायरीवर चपला घालताना मी त्याच्यावर उखडलो, की तुझ्या ध्यानानं उलट जास्त आठवण आली. तो नेहमी मोठ्यानं बोलतो. तेव्हा खाली बघून बोलला.

"मी रिटायर झालो त्याच साली मंदा गेली, तात्या. तिला विसरावं म्हणून बसाया लागलो. एवढं बसलो, पण ती मधी येतीच."

मी चौथी शिकलेला. जे तोंडात आलं ते बोललो. "मग येऊ दे की. बायको हाय तुझी. हाकलतो कशाला?"

त्यानं चपला घातल्या अन् चालाया लागला.

दुसऱ्या दिवशी विहारात घंटा झाली, सगळे उठले, फोरमन उठला नाय. गालावर पाणी, तोंडावर हसू. मी थांबलो. बऱ्याच वेळानं त्यानं डोळे उघडले, तेव्हा विचारलं, काय दिसलं.

"मंदानं कारलं केलं होतं. जन्मभर मी ते ताट सरकवलं."

"अन् आज?"

"आज जेवलो."