मूळ झिलई

गाडी उत्तम चालत होती, हेच चष्मेवाल्यांचं दुर्दैव. बंद पडली असती तर त्यांनी तिला हातही लावला नसता, सरळ मेकॅनिकला बोलावलं असतं. पण रेडिएटरमध्ये पाणी आहे का बघायला त्यांनी बॉनेट उघडलं आणि एअर क्लीनरच्या डब्यावरचा काळा रंग पोपडे धरून सुटलेला त्यांना दिसला.

गाडी सासऱ्यांची. उभा जन्म जिवापाड जपलेली ती जुनी गाडी त्यांनी लेकीच्या हवाली केली होती, कारण आता ते कायमचे मुलाकडे दूरच्या शहरात राहायला चालले होते. जाण्याआधी रविवारी येऊन एकदा ती स्वतः चालवायची, एवढंच त्यांचं मागणं होतं. आपण इंजिनाला नव्यासारखी मूळ झिलई आणून म्हाताऱ्याला चकित करावं, असं जावयाच्या मनात आलं. चष्म्याच्या दुकानात दिवसभर मुंगीएवढे स्क्रू फिरवणाऱ्या माणसाला बोटाएवढ्या नटांची काय मातब्बरी?

डबा निघाला. तो निघाल्यावर खालचा कार्बोरेटर फारच कळकट दिसू लागला, म्हणून तोही निघाला. मग त्या मोकळ्या जागेत इंजिनावरचं अ‍ॅल्युमिनियमचं झाकण निस्तेज वाटू लागलं. तेही निघालं.

डब्याला काळा रंग मारून झाल्यावर, रंग भट्टीत भाजला की पक्का बसतो, असं चष्मेवाल्यांच्या वाचनात आलं. घरात भट्टी नव्हती, ओव्हन होता. त्या ओव्हनवर बायकोचा केकचा व्यवसाय चालायचा. ती बाजारात गेल्याची संधी साधून त्यांनी डबा भाजून काढला, खिडक्या उघडल्या आणि उदबत्ती लावली. दुसऱ्या दिवशी एका वाढदिवसाचा केक जसाच्या तसा परत आला.

"केकला गॅरेजचा वास येतोय म्हणे," बायको म्हणाली.

तिचं सांत्वन करावं म्हणून चष्मेवाल्यांनी रंगाची छटा मात्र अगदी मूळची आल्याचं सांगितलं. त्यानंतर तिने त्यांच्याशी बोलणं सोडलं.

ते झाकणाकडे वळले. तुंबलेली मोरी साफ करायची पावडर तेलकटपणा खाते, हे त्यांना माहीत होतं; ती अ‍ॅल्युमिनियमही खाते, हे माहीत नव्हतं. बादलीतून फेस उसळला आणि झाकण बाहेर आलं ते तव्यासारखं काळंकुट्ट होऊन. निदान कार्बोरेटर तरी जपून करू, म्हणून त्यांनी तो सौम्य अशा व्हिनेगरमध्ये बुडवला आणि दुकानात गेले. गिऱ्हाइकांच्या गर्दीत तो डोक्यातून पार गेला. परतले तेव्हा कार्बोरेटरला देवी आल्यासारखे खड्डे पडले होते, आणि आतली झडप जागची हलायला तयार नव्हती. मेकॅनिकने तो हातात घेऊन फार वेळ पाहिला आणि हलक्या आवाजात विचारलं, "कुणी केलं हे?" असला कार्बोरेटर आता शोधूनही मिळणार नाही, असंही त्याने सांगितलं.

चष्मेवाले अंगणात पालथ्या बादलीवर बसून राहिले. बायको शेवटी बाहेर आली आणि म्हणाली, "बाबांना तुम्हीच सांगायचं."

रविवारी सासरे इस्त्रीचे कपडे घालून आले. जावई तोंड उघडणार इतक्यात ते थेट गाडीत जाऊन बसले. कानातलं यंत्र काढून त्यांनी खिशात ठेवलं, कारण गाडीत त्याची फार खरखर व्हायची. किल्ली फिरवून दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून ते नुसते बसून राहिले. त्यांचा चेहरा असा उजळला, की चष्मेवाल्यांच्या तोंडचे शब्द तोंडातच राहिले.

"आवाज अगदी नाहीसा केलास की रे," सासरे म्हणाले.

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. मग ती निमूटपणे वडिलांच्या शेजारी जाऊन बसली, हँडब्रेकवर हात ठेवला आणि मानेनेच नवऱ्याला गाडीमागे जायला सांगितलं.

शेजारचे दातांचे डॉक्टर झाडांना पाणी घालत होते. काही न विचारता त्यांनीही खांदा लावला. गाडी फाटकातून गल्लीत आली. बाबा गिअर टाकत, लेक तो हळूच काढून ठेवी. गल्लीच्या उतारावर गाडीने असा काही वेग धरला, की ढकलणारे दोघे तिच्यामागे धावू लागले.

"जावई कुठे राहिला?" बाबांनी विचारलं. त्यांची मान आता मागे वळत नसे.

"ते मागेच आहेत," लेक त्यांच्या कानाशी मोठ्याने म्हणाली. यात खोटं काही नव्हतं.

कोपऱ्यावरच्या मोकळ्या जागेत बाबांनी ऐटीत वळण घेतलं आणि परतीचा चढ लागला. डॉक्टरांची चप्पल तुटली. चष्मेवाल्यांना आपल्या छातीचे ठोके कानात ऐकू येत होते, आणि डोळ्यांसमोर ओव्हन, बादली, व्हिनेगर सगळं एकाच वेळी फिरत होतं. अर्ध्या चढावर आपण इथेच संपणार, अशी त्यांची खात्री झाली. पण गाडीच्या मागच्या काचेतून बायकोचे हलणारे खांदे दिसत होते. रडतेय की हसतेय, ते मागून कळत नव्हतं.

गाडी एकदाची दारात लागली. सासऱ्यांनी किल्ली काढली, रुमालाने स्टिअरिंग पुसलं आणि सावकाश उतरले. जावई भिंतीला टेकून धापा टाकत होता. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"झकास ठेवलीयस गाडी," ते म्हणाले. "फक्त चढावर दम लागतो तिला. एकदा इंजिन खोलून बघ."