दोन्ही खिशांतला निर्धार

कोणतंही व्यसन सोडायचं म्हटलं, की माणसाच्या हाताला दुसरं काहीतरी लागतं. हे जाणूनच महाविद्यालयात धूम्रपानमुक्ती समिती स्थापन झाली. (बैठका गच्चीवर होत. अध्यक्षांना मध्येच उठून बाहेर जावं लागू नये, एवढाच हेतू.)

वसतिगृहातल्या 'हरणा'ने, म्हणजे महाविद्यालयाच्या सर्वांत वेगवान धावपटूने, तर मनावरच घेतलं होतं. प्रशिक्षकांनी त्याला निक्षून बजावलं होतं, "धूर बंद कर, नाहीतर रिलेतली शेवटची धाव दुसऱ्याला." त्या धावेवर हरणाचा फार जीव. आपली निवड झाल्याचं त्याने आईला कळवूनही टाकलं होतं.

म्हणून त्याने ई-सिगारेट घेतली. पुदिन्याच्या चवीची, दिसायला पेनासारखी. ती वर्गात चाले, वाचनालयात चाले, पांघरुणातही चाले. बिचाऱ्या सिगारेटला इतक्या ठिकाणी कधी कुणी आत घेतलं नव्हतं. फक्त ते पेन चार्जिंगला लावलं की हात रिकामा राही, आणि तेवढ्यापुरती तो सिगारेट ओढे.

यथावकाश समितीची प्रश्नावली आली. सिगारेट सोडण्यासाठी आपण काय करता? हरणाने प्रामाणिकपणे लिहिलं, 'ई-सिगारेट ओढतो.' ई-सिगारेट सोडण्यासाठी काय करता? 'सिगारेट ओढतो.'

समिती हेलावली. एकशे बारा अर्जांत सोडण्याचा प्रयत्न करणारे एकशे बारा निघाले, पण एकाच दिवसात दोन्ही सोडणारे सदतीसच. त्यांत हरीण पहिलं आलं. त्याला 'दुहेरी निर्धार' प्रमाणपत्र मिळालं. (सहीच्या वेळी हरणाने चुकून आपलं पेन पुढे केलं. अध्यक्षांनी दोन झुरके घेऊन पुदिन्याबद्दल नापसंती नोंदवली.)

प्रमाणपत्र घेऊन तो थेट मैदानावर गेला. प्रशिक्षकांनी ते दोनदा वाचलं.

"छान आहे. आता एक फेरी मार बाळा."

अर्ध्या फेरीतच हरीण कमरेवर हात ठेवून उभं राहिलं. खोकला थांबला तरी डोळ्यांतलं पाणी थांबेना.

"आईला काय सांगू, सर?"

"सांग, प्रमाणपत्र मिळालं."

तुम्हाला हसू आलं, बरं झालं. टीव्ही बघणं कमी व्हावं म्हणून तुम्ही मोबाइल हातात घेतलात. तो टीव्ही अजून समोर चालूच आहे. जरा आवाज कमी करा. प्रमाणपत्रावर घालायचं तुमचं नाव नीट ऐकू येत नाहीये.