चारशे बारा फाइली, दोन मिनिटं

"दोन मिनिटांचं काम आहे!" मी बायकोला ऐटीत सांगितलं. कॉम्प्युटरच्या बाबतीत घरात माझाच शब्द शेवटचा, हे सासऱ्यांनाही ऐकवून ठेवलेलं.

सहा वर्षं हिंडून बायकोने दीपगृहांच्या रखवालदारांच्या मुलाखती टिपल्या होत्या. चारशे बारा टेक्स्ट फाइली! त्यातले निम्मे म्हातारे आता हयातही नाहीत. अकरा वाजता फाइली प्रकाशकाकडे जायच्या होत्या, पण त्याच्या मशीनवर प्रत्येक ओळीच्या शेवटी ^M असं काहीतरी आगंतुक दिसत होतं. विंडोज ओळ संपवताना एक जादा खूण ठेवतं, प्रकाशकाच्या लिनक्सला ती खपत नाही. ती उडवायची, बस्स!

"एकेक फाइल उघडून करू?" बायकोने विचारलं.

"छे! एकच कमांड!"

ती पाच मिनिटं कॉम्प्युटरपाशी घुटमळली आणि आंघोळीला गेली. मी कमांड लिहिली: प्रत्येक फाइल घ्यायची, खूण गाळायची, परत त्याच फाइलीत ओतायची. एंटर!

"झालं!"

"इतक्यात?" सासऱ्यांनी पेपरातून डोकं काढलं.

मलाही ते खटकलं. पहिली फाइल उघडली. कोरी. दुसरी, कोरी. थेट चारशे बारावी उघडली. तीही कोरी! ^M चा मात्र मागमूस नव्हता.

त्याच फाइलीत ओतायला सांगितलं, की कमांड चालवणारं शेल आधी ती रिकामी करतं आणि मग वाचायला बसतं. हे मला ठाऊक होतं हो! आठवलं एंटरनंतर.

"जावईबापू, घाम का फुटलाय?"

"उकडतंय."

"पंखा पाचवर आहे."

बाथरूममधलं पाणी थांबलं. नोकरी गेली तेव्हाही मी एवढा घाबरलो नव्हतो. गेलेल्या म्हाताऱ्यांना आता पुन्हा कोण बोलतं करणार?

बायको केस पुसत आली. "झालं?"

"अगं... सगळं गेलं."

ती स्क्रीनकडे बघत राहिली. मी डोळे मिटून घेतले. खण उघडल्याचा आवाज आला. डोळे उघडले, तर तिच्या हातात पेन ड्राइव्ह!

"तू दोन मिनिटं म्हणालास ना, तेव्हाच कॉपी काढली. आता नव्या फोल्डरमध्ये ओत."

मला रडूच फुटलं. अकराला दहा कमी असताना फाइली रवाना झाल्या.

सासरे चष्मा सावरत स्क्रीनकडे वाकले. पेन ड्राइव्हवरच्या फोल्डरचं नाव त्यांनी मोठ्याने वाचलं, "त्याने हात लावण्यापूर्वी, नऊ. मग आधीचे आठ?"

"बाबा," मी म्हणालो, "तुमचा पेपर वाचून झाला का?"