राजधानी निर्मळ जाहली त्याची हकीकत

श्रीवायुदेवता सर्वांचे नाकी वसो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. ते समयी एक राज्य होते, त्याचे नाव लिहिण्याची आज्ञा नाही. रस्ते रुंद, कमानी उंच, श्वास तेवढा अरुंद. त्या राज्यात मुरारपंत नभनवीस म्हणोन गृहस्थ चाकरीस होते. काम ऐसे की, आकाशी यंत्रचंद्र सोडिला होता, ज्यास लोक उपग्रह म्हणतात, तो रोज दोनप्रहरी राज्यावरून जाई आणि हवेत धूर किती, धूळ किती ते पाहून खबर धाडी, आणि मग पंतांनी ती संगणकी घेऊन नकाशा रंगवावा, स्वच्छ तेथे निळा, मध्यम तेथे पिवळा, घातक तेथे तांबडा. ऐसे करिता करिता पंतांस राज्याचे ऋतू वरून पाठ जाहले. चैत्री वाळवंटाची धूळ येऊन पश्चिम सुभा पिवळा होई, आश्विन सरता उत्तरेस शेतांतील काड पेटे आणि तांबडा पट्टा वाऱ्यासवे खाली सरके, आणि मग थंडी पडली की वीटभट्ट्यांचा नि मोटारींचा धूर राजधानीवर पातेल्यावर झाकण बसावे तैसा बसे. हे सारे पंतांस दिसे, परंतु सांगावे तर शेजारचे मेजावर कोणी नाही. बाकीची मंडळी जमीनमहसुलात बदली करून घेऊन सुखी जाहली होती.

घरीही तीच तऱ्हा. कन्या ठकू लहान, थंडी लागताच तिची छाती भरे, ओठ निळे पडत. म्हणोन वैद्यांचे सल्ल्याने कुटुंब सगुणाबाई मुलीस घेऊन किनाऱ्यावर माहेरी राहिल्या, त्यास हा दुसरा हिवाळा. पंत कुकरात वाटीभर भात लावीत आणि तोही उरे. ठरले ऐसे होते की राजधानीची हवा सुधारली म्हणजे मायलेकींनी परतावे, आणि सुधारली हे सांगणार कोण, तर पंतच.

आता राज्याचा रिवाज ऐसा की, दर हिवाळी ज्या सुभ्यात तांबडा रंग सर्वांहून कमी, त्यास निर्मळतेचा मान द्यावा, कलश हत्तीवरून मिरवावा. आणि यंत्रचंद्राची शिस्त ऐसी की, जेथे ढग आड येई तेथील हवा दिसत नाही, सबब ती जागा पांढरी सोडावी. त्या वर्षी राजधानीवर धूर इतका दाटला की यंत्रचंद्राने तो ढगच मानिला आणि अवघी राजधानी पांढरी सोडिली. नकाशा दरबारी उलगडला. कारभारी हैबतराव चष्मा पुसून पाहते जाहले आणि गर्जले, "वाहवा! तांबड्याचा ठिपका नाही! मान राजधानीचा!" टाळ्या जाहल्या, त्यांत निम्मा खोकला होता.

मग पंत उठोन बोलिले, "साहेब, पांढरे म्हणजे निर्मळ नव्हे. पांढरे म्हणजे दिसलेच नाही."

हैबतराव हसोन म्हणाले, "पंत, इतकी वर्षे चाकरी केलीत आणि एवढे कळेना? जे दिसले नाही ते नाही. यावरच तर राज्य चालते."

सिंहासनावरून श्रीमंतांनी पृच्छा केली, "काय म्हणतात पंत?"

"आनंद जाहला म्हणतात, महाराज," हैबतराव उत्तरले.

तेव्हा श्रीमंतांनी संतोष पावोन पंतांचे खांद्यावर शाल घातली. आणि भट्ट्या थंडीपुरत्या बंद ठेवण्याचा हुकूम निघणार होता, तो राहिला.

दवंडी टीव्हीवरून किनाऱ्यापावेतो गेली. सायंकाळी पंत खिचडी ढवळीत असता मोबाईल वाजला. सगुणाबाई हर्षे बोलिल्या, "अहो, ऐकलं! संक्रांतीला येतोच आम्ही. ठकूनं बॅगही भरली. तिचा तो कापडी हत्ती आधी, मग कपडे."

पंतांनी खिडकीबाहेर पाहिले. समोरची इमारत नव्हती, म्हणजे असावी. एक 'या' म्हटले की झाले, सरकारचा शब्द पाठीशी होता. घरात दोन माणसांचा आवाज होईल, कोणी भात कमी पडला म्हणेल. पंतांनी गॅस बंद केला आणि म्हणाले, "येऊ नका."

"म्हणजे? सरकार खोटं सांगतं?"

"सरकार नकाशा सांगतं. नकाशा मी केलाय, म्हणून सांगतो."

"मग तिथे का नाही बोललात?"

"बोललो. शाल दिली."

पलीकडून बाई म्हणाल्या, "तुम्हांला एकट्याची सवय झालीय. तेच खरं." पंतांनी त्यास उत्तर केले नाही. उत्तर होते, परंतु ते केले असता त्या निघोन आल्या असत्या.

इतक्यात ठकूने मोबाईल हिसकाविला. "बाबा, तुमच्या त्या चंद्राला आम्ही दिसतो का गं— का हो?"

"नाही गं राजा. एवढं बारीक नाही दिसत."

"मग काय दिसतं?"

पंतांनी संगणकी किनारा काढिला. तेथे एक निळा चौकोन होता, त्याचे पोटात आजोळचे अवघे गाव मावत होते.

"हवा दिसते," पंत म्हणाले. "छान आहे. तू हुंदडून ये जा."

सारांश, राजधानीत कलश मिरवला, भट्ट्या चालल्या, किनाऱ्यावर एक मूल संक्रांतभर धावले आणि त्यास धाप लागली नाही. सगुणाबाईंचा अबोला चैत्रापावेतो टिकला. पंत चाकरीवर कायम राहिले. ऐसे वर्तमान जाहले.