आइस्क्रीमच्या काड्या

श्यामसुंदररावांच्या तोंडात आता जेमतेम एक बोट जात होतं. तोंडाच्या कॅन्सरचे उपचार संपून दोन वर्षं झाली होती. पण किरणांमुळे जबडा आखडतो, म्हणून दातांत आइस्क्रीमच्या काड्यांची चळत धरून रोज व्यायाम करा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. "कंटाळा केलात तर नळीने जेवावं लागेल," असंही. त्यांच्या पत्नी प्रेमलाबाई समोर बसून तो करून घ्यायच्या. उन्हाळ्यात त्या झोपेतच गेल्या. व्यायाम थांबला. घर आवरताना काड्याही कुणीतरी फेकून दिल्या.

आज सकाळी वरणाचा चमचा तोंडात शिरेना, तेव्हा श्यामसुंदरराव घाबरले. ते कोपऱ्यावरच्या दुकानात गेले.

"नुसत्या काड्या मिळतील?"

"मिळतील की. वरचं आइस्क्रीम तेवढं तुम्ही काढायचं."

त्यांनी अख्खा खोका घेतला. स्वतःला खाता येईना, टाकून देववेना. मग खडकीतल्या त्यांच्या इमारतीत ते दारोदार वाटत सुटले.

"कसलं हो हे?" शेजारच्या इंदुबाईंनी विचारलं.

"घ्या. खाल्लं की काडी मात्र परत द्या."

"प्रेमलाला जाऊन वर्ष नाही झालं. सणाला गोड करायचं नाही, आणि तुम्ही आइस्क्रीम वाटताय?"

"वितळतंय हो."

इंदुबाईंनी ते खाल्लं, काडी धुऊन परत दिली आणि श्यामसुंदररावांच्या मुलीला, सुरुचीला, फोन लावला.

सुरुचीने खराडीच्या ऑफिसातून लगेच बाबांना फोन केला. त्यांनी नुकतीच चळत दातांत ठोकून बसवली होती. ती आता निघत नव्हती.

"बाबा, दारोदार गोड वाटताय म्हणून इंदुकाकू म्हणतात तुमचं लग्न ठरलंय. खोटं आहे ना?"

"आं."

"म्हणजे खरं?"

"आं! आं!"

"कोण आहे ती?"

त्यांनी फोन ठेवला. सुरुची रिक्षा करून भांडायच्या तयारीनेच आली. बाबा आरशासमोर उभे होते. काड्या तोंडात, ओठाच्या कडेला रक्त. तिचा राग तिथेच विरला. तिने हळूहळू चळत सोडवली.

"आई असताना कसं करायचात?"

"ती बोलत बसायची. भाजी, पाणी, इंदुबाई. मला मध्ये बोलता यायचं नाही. तिला फार बरं वाटायचं."

सुरुची हसली. एकेक काडी पुन्हा त्यांच्या दातांत सरकवत बोलू लागली.

"तर इंदुकाकू म्हणाल्या, नवरीचं नाव काही सांगत नाहीत, पण आइस्क्रीम चांगलं होतं."

श्यामसुंदरराव हसायला गेले आणि रडू लागले. प्रेमलाबाई गेल्या त्या दिवशीही ते रडले नव्हते. आता त्यांना काही आवरेना. हुंदक्यांनी जबडा थरथरला, थोडा सैल पडला.

सुरुचीने आपले डोळे बाहीला पुसले आणि चटकन वरून एक काडी सरकवली.

"थांबू नका बाबा. अजून एक जाईल."